'तिला कोणी विचारलं का?' : 'नोत्र दाम द पारी' हे संगीत नाटक आणि आपला नववीचा वर्ग



गेल्या वर्षी आमच्या नववीच्या वर्गातल्या एका मुलीच्या वहीत चिठ्ठी सापडली. दोनच ओळी होत्या. अर्थ असा, की तू माझी झाली नाहीस तर मी तुला कोणाचीच होऊ देणार नाही. लिहिणारा मुलगा त्याच वर्गातला. अभ्यासात बरा, वागायला शांत.

शिक्षकखोलीत चर्चा झाली ती तुम्हाला ओळखीची वाटेल. कोणी म्हणालं, "या वयात चालायचंच." कोणी म्हणालं, "पोरगीच हसून बोलत असेल." मुलीचे वडील तिची शाळाच बंद करायला निघाले होते. मुलाच्या वडिलांनी सगळ्यांसमोर त्याच्या दोन कानाखाली वाजवल्या. मग पालकांच्या सह्या झाल्या, समज दिली गेली आणि प्रकरण मिटलं असं सगळ्यांनी धरून चाललं.

मला मात्र ते मिटल्यासारखं वाटेना. त्या मुलाला धमकी द्यायची नव्हती. त्याला ते वाक्य प्रेमाचंच वाटत होतं! आणि 'हे प्रेम नव्हे' असं त्याला आपण कोणी, कुठल्या तासाला शिकवलं होतं? कोणीच नाही.

त्याच सुमारास पुण्यात फ्रेंच शिकणाऱ्या माझ्या भाचीने मला एका फ्रेंच संगीत नाटकाचं चित्रीकरण दाखवलं. भाषा कळत नव्हती, ती शेजारी बसून सांगत होती. पाहता पाहता वाटलं, हे आपल्या वर्गात न्यायलाच हवं. त्या तीन तासांची ही नोंद.

कादंबरी : थोडक्यात ओळख

व्हिक्टर ह्यूगो या फ्रेंच लेखकाची 'नोत्र दाम द पारी' ही कादंबरी १८३१ साली प्रसिद्ध झाली. नावाचा अर्थ 'पॅरिसचं नोत्र दाम', म्हणजे त्या शहरातलं प्रसिद्ध कॅथेड्रल. इंग्रजीत तिला 'नोत्र दामचा कुबडा' अशा अर्थाचं नाव मिळालं आणि आपल्याकडेही ती त्याच नावाने माहीत आहे. कथा घडते १४८२ सालच्या पॅरिसमध्ये.

एस्मेराल्डा ही रस्त्यावर नाचून पोट भरणारी, भटक्यांच्या टोळीत वाढलेली मुलगी. कादंबरीत तिचं वय सोळा आहे. हे मी वर्गात सांगितलं तेव्हा मागच्या बाकांवरची कुजबुज एकदम थांबली. त्यांच्यापेक्षा एखाद-दोन वर्षांनीच मोठी!

तिच्याभोवती तीन पुरुष आहेत. क्वासिमोडो हा कॅथेड्रलमध्ये घंटा वाजवणारा विशीतला तरुण. पाठीला कुबड, चेहरा विद्रूप आणि घंटांच्याच आवाजाने बहिरा झालेला. क्लोद फ्रोलो हा तिथला मोठा धर्माधिकारी. वय छत्तीसच्या आसपास, मोठा विद्वान. तिसरा फीबस, राजाच्या धनुर्धारी सैनिकांचा देखणा कप्तान. त्याचं लग्न एका श्रीमंत घरच्या मुलीशी ठरलेलं आहे.

एस्मेराल्डा फीबसच्या प्रेमात पडते. त्याच्या दृष्टीने ती एका संध्याकाळची गंमत असते. फ्रोलो तिच्यासाठी वेडापिसा होतो. दोघांच्या भेटीच्या वेळी तो लपून राहतो आणि फीबसला सुरा भोसकतो. खुनाचा आणि चेटकाचा आरोप येतो तो एस्मेराल्डावर. छळ करून तिच्याकडून कबुली घेतली जाते. फीबस खरं तर वाचलेला असतो, पण तो तिच्या बाजूने तोंड उघडत नाही. फाशीच्या आधी क्वासिमोडो तिला उचलून कॅथेड्रलमध्ये नेतो, कारण तिथे आश्रय घेतलेल्याला पकडता येत नाही असा नियम होता. पुढे तो आश्रयही टिकत नाही. फ्रोलो तिला शेवटचं विचारतो : मी की फाशी? ती फाशी निवडते. तिला फासावर चढवलं जातं आणि क्वासिमोडो फ्रोलोला मनोऱ्यावरून खाली ढकलून देतो.

कादंबरीचं नाटक कसं झालं?

या कादंबरीवर अनेक चित्रपट आणि नाटकं झाली. आपण बोलतोय ते संगीत नाटक १६ सप्टेंबर १९९८ रोजी पॅरिसच्या 'पाले दे काँग्रे' या भव्य सभागृहात रंगमंचावर आलं. गीतं लिहिली कॅनडातल्या क्वेबेकचे ल्यूक प्लामाँदों यांनी आणि संगीत दिलं रिकार्डो कोच्चांते यांनी. पुढे इंग्रजी, इटालियन, स्पॅनिश, रशियन, कोरियन अशा अनेक भाषांत त्याचे प्रयोग झाले.

आपल्याला संगीत नाटक म्हटलं की १८८० सालचं अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'संगीत शाकुंतल' आठवतं. आपल्या परंपरेत गद्य संवाद चालू असतात आणि मध्ये पद येतं. इथे तसं नाही. दोन अंक, पन्नासहून अधिक गाणी, आणि जवळजवळ सगळी गोष्ट गाण्यांतूनच पुढे जाते. आणखी एक फरक म्हणजे आपल्याकडे ऑर्गन आणि तबला रंगमंचाजवळच असतो. या नाटकात मूळ प्रयोगापासून वाद्यसंगीत ध्वनिमुद्रित आहे. गाणारे वेगळे, नाचणारे आणि कसरती करणारे वेगळे. मागे एक प्रचंड भिंत. तेच कॅथेड्रल! ह्यूगोने पानंच्या पानं ज्या दगडी शिल्पाचं वर्णन केलं, ते सगळं त्या एका भिंतीवर आणि तिच्यावर चढणाऱ्या माणसांवर आणून ठेवलं आहे.

मोठी कादंबरी अडीच तासांत बसवायची म्हणजे कात्री लावावीच लागते. काय कापलं आणि का, हा मुलांसाठी फार चांगला प्रश्न आहे. तीन बदल मी मुद्दाम सांगितले.

पहिला बदल : एस्मेराल्डाचं मूळ. कादंबरीत ती जन्माने फ्रेंच बाईची मुलगी असते आणि तान्ही असताना भटक्यांनी तिला पळवलेलं असतं. तिची आई वेड्यासारखी तिची वाट पाहत एका कोठडीत कोंडून घेऊन राहते. नाटकाने हा सगळा भाग वगळला. मला तर हे बरं वाटलं. 'भटके लोक पोरं पळवतात' हा समज तिकडेही आहे आणि आपल्याकडेही आहे. अशा अफवेवरून आपल्याकडे माणसांना जमावाने मारल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत.

इथे मी मुलांना एक गोष्ट सांगितली आणि ती त्यांना फार आवडली. एस्मेराल्डा ज्या रोमा लोकांत वाढली, त्यांची भाषा मुळात आपल्या भारतीय भाषांच्याच कुळातली आहे. त्यांच्या भाषेत नाकाला नाक म्हणतात, कानाला कान आणि पाण्याला 'पानी'. क्वासिमोडोला चौकात बांधून फटके मारतात, तो पाणी पाणी करतो आणि सगळा जमाव हसत असतो. तेव्हा एस्मेराल्डा एकटी पुढे होऊन त्याला पाणी पाजते. तो प्रसंग सांगताना मी म्हटलं, "तिच्या माणसांच्या भाषेत तिने त्याला पानीच दिलं असणार." वर्गात क्षणभर कोणी बोललं नाही.

दुसरा बदल : आश्रय मागणारी माणसं. नाटकात क्लोपँ आणि त्याची माणसं सुरुवातीलाच कॅथेड्रलच्या दारात आसरा मागतात आणि त्यांना 'कागदपत्रं नसलेले' म्हटलं आहे. १४८२ मध्ये कसली कागदपत्रं? हा शब्द १९९० च्या दशकातल्या फ्रान्सचा आहे. १९९६ साली पॅरिसच्या सेंट बर्नार्ड चर्चमध्ये कागदपत्रं नसलेल्या स्थलांतरितांनी आसरा घेतला होता आणि ऑगस्टमध्ये पोलिसांनी दार फोडून त्यांना बाहेर काढलं होतं. दोनच वर्षांनी नाटक पाहणाऱ्यांना ते आठवल्याशिवाय राहिलं नसेल. जुनी गोष्ट आजची कशी होते, याचं हे उत्तम उदाहरण आहे.

तिसरा बदल : शेवट. कादंबरीच्या अखेरीस, साधारण दोन वर्षांनी, मृतांच्या तळघरात दोन सांगाडे सापडतात, एकाने दुसऱ्याला कवटाळलेलं. सोडवायला जातात तर त्याची माती होते. नाटकात एस्मेराल्डाच्या मृतदेहाजवळ बसून क्वासिमोडो गातो आणि पडदा पडतो. दोन्हीकडे शेवट दुःखाचाच. आपल्या मुलांना माहीत असतो तो १९९६ चा डिस्नेचा कार्टून सिनेमा. त्यात एस्मेराल्डा वाचते, फीबस सज्जन असतो आणि सगळं गोड होतं.

आता गंमत पाहा. शेवट बदलण्याचा मोह खुद्द ह्यूगोलाही सुटला नाही. १८३६ साली संगीतकार लुईज बेर्तँ हिने याच कथेवर 'ला एस्मेराल्डा' हा ऑपेरा केला आणि त्याची संहिता स्वतः ह्यूगोने लिहिली. त्यात जखमी फीबस ऐनवेळी येतो, एस्मेराल्डा निर्दोष असल्याचं सांगतो आणि मरतो. म्हणजे जो फीबस कादंबरीत गप्प राहिला, तो ऑपेरात बोलला! मुलांना मी विचारलं, "कुठला फीबस खरा वाटतो?" एक मुलगा म्हणाला, "बाई, गप्प बसणाराच. आपल्याकडे पण सगळे गप्पच बसतात."

तीन आवाज, एक गाणं

या नाटकातलं सर्वांत गाजलेलं गाणं म्हणजे 'बेल', अर्थात 'सुंदरी'. फ्रान्समध्ये ते लोकप्रियतेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर होतं. तिघे पुरुष एकाच मुलीबद्दल आळीपाळीने गातात. आधी क्वासिमोडो, मग फ्रोलो, मग फीबस आणि शेवटी तिघे एकत्र. मूळ संचात गारू, दानियल लाव्वा आणि पात्रिक फिओरी हे गायक होते.

पहिल्या तासाला मी काहीच न सांगता हे गाणं ऐकवलं. शब्द कोणालाच कळत नव्हते, आणि तेच सोयीचं ठरलं. सूचना एवढीच : तीन माणसं ऐका आणि प्रत्येकाविषयी एक शब्द लिहा. पहिल्या खरखरीत आवाजाला मुलांनी 'दुखावलेला', 'गरीब', 'खरा' असं लिहिलं. दुसऱ्या खोल आवाजाला 'राग', 'घाबरलेला', एकाने 'देवळातला'. तिसऱ्याला 'हिरो'. मग मी गोष्ट सांगितली. 'हिरो' लिहिणारे कपाळाला हात लावून बसले.

दुसऱ्या तासाला फळ्यावर तक्ता केला. प्रत्येक पुरुषापुढे तीन प्रश्न : याला काय हवं आहे? तिने 'नाही' म्हटल्यावर त्याने काय केलं? त्यामुळे तिचं काय झालं? मुलांनी भरलेला तक्ता थोडक्यात असा :

• फीबस : त्याला मजा हवी आहे. त्याला 'नाही' ऐकावंच लागलं नाही, पण तिच्यावर संकट आलं तेव्हा तो आपल्या सुरक्षित घरी परतला.
• फ्रोलो : त्याला ती पूर्णपणे 'आपली' हवी आहे. 'नाही' ऐकल्यावर त्याने तिला मृत्यूच्या हवाली केलं. आणि दोष कोणाला? तिलाच! तिनेच मला भुलवलं, असं तो धरून बसतो.
• क्वासिमोडो : त्याला ती जवळ असावीशी वाटते. पण ती आपल्या चेहऱ्याकडे पाहू शकत नाही हे कळल्यावर तो दूर उभा राहतो. तिला एक शिट्टी देतो, हवं तेव्हा बोलवायला, कारण तेवढाच आवाज त्याला ऐकू येतो.

मग चौथं नाव मी घातलं, जे कोणाच्याच लक्षात नव्हतं : कवी ग्रँग्वार. भटक्यांच्या टोळीत सापडल्यावर त्याला फाशी होणार असते. त्याचा जीव वाचावा म्हणून एस्मेराल्डा त्याच्याशी नावापुरतं लग्न करते. तो जवळ येऊ पाहतो तेव्हा ती सुरी काढते. आणि तो? तो थांबतो. जेवतो, गप्पा मारतो, मित्र म्हणून राहतो. कादंबरीत पुढे तो बराच भित्रा निघतो, हेही मी लपवलं नाही. पण 'नाही' ऐकून ज्याचं काहीही बिघडलं नाही असा या गोष्टीतला तो एकच पुरुष. मुलं हसली, पण वहीत लिहून घेतलं.

इतक्यात पुढच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. "बाई, त्या गाण्यात तिघं तिच्याबद्दल एवढं गातात. पण तिला कोणी विचारलं का?"

खरंच, त्या गाण्यात एस्मेराल्डाचा एकही शब्द नाही. मी इतक्या वेळा ऐकलं होतं, पण माझ्या हे ध्यानात आलं नव्हतं. तीन तासांची जी शिकवणी मी आखली होती, ती त्या पोरीने एका प्रश्नात पूर्ण केली.

शिकवताना घ्यायची काळजी

१. वर्गात घडलेल्या प्रकरणाचा उल्लेख चुकूनही करू नका. आमच्या वर्गातली ती दोन्ही मुलं समोर बसलेली होती. गोष्टीचा आडोसा असतो म्हणूनच मुलं मोकळेपणाने बोलतात. तो आडोसा काढू नका.

२. क्वासिमोडोला आदर्श प्रियकर करू नका. मला वाटतं, सगळ्यात जपायची जागा हीच. सुरुवातीला फ्रोलोच्या सांगण्यावरून एस्मेराल्डाला पळवायला तोच गेलेला असतो. आणि शेवटी तिच्या शेजारी त्याचं मरून पडणं म्हणजेच खरं प्रेम, असा अर्थ या वयाची मुलं पटकन काढतात. मी स्पष्ट सांगितलं की क्वासिमोडोचं मोठेपण त्याच्या मरणात नाही. तिला भीती वाटू नये म्हणून तो दाराबाहेर थांबला, त्यात आहे. कादंबरीतला एक छोटा प्रसंग यासाठी फार उपयोगी पडतो. तो तिच्या खिडकीत दोन भांडी ठेवतो. एक काचेचं सुंदर पण तडा गेलेलं, त्यातलं पाणी गळून फुलं सुकलेली. दुसरं साधं दगडी मडकं, फुलं टवटवीत. एस्मेराल्डा सुकलेली फुलं उचलते आणि दिवसभर छातीशी बाळगते. क्वासिमोडो तिला काहीही म्हणत नाही. निवड तिची आहे, चुकीची असली तरी तिचीच.

३. दुःखान्त आहे म्हणून शेवट टाळू नका, मात्र फाशीचं आणि छळाचं वर्णन रंगवूही नका. तिसऱ्या तासाला मी मुलांना विचारलं, "एस्मेराल्डा कुठल्या क्षणी वाचू शकली असती आणि कोणामुळे?" उत्तरं आली : फीबस बोलला असता तर. न्यायाधीशाने नीट विचारलं असतं तर. जमाव हसला नसता तर. गोड शेवटाच्या सिनेमावर हा प्रश्न विचारताच येत नाही, कारण तिथे सगळं आपोआप सुटतं.

४. कोणी मूल नंतर एकटं येऊन काही सांगू लागलं तर ऐका आणि गांभीर्याने घ्या. आपल्याकडे अठरा वर्षांखालील मुलांच्या संरक्षणासाठी २०१२ चा पोक्सो कायदा आहे. मदतीसाठी १०९८ हा क्रमांक वर्गाच्या भिंतीवर लिहिलेला असावा.

पालकांसाठी दोन शब्द

मुलगी असेल तर आपण तिला सांभाळून राहायला शिकवतो. मुलगा असेल तर काहीच शिकवत नाही, आणि चुकला की मारतो. नकार पचवणं ही पोहण्यासारखी, सायकलसारखी शिकण्याचीच गोष्ट आहे. घरात मुलाने मोबाइल मागितला, आपण नाही म्हटलं, त्याने आदळआपट केली आणि आपण दिला, तर तो काय शिकला? 'नाही' म्हणजे अजून जोर लावायचा, एवढंच. आणि बहिणीचं 'नाही' घरात कोणी ऐकतच नसेल, तर बाहेरच्या मुलीचं तो का ऐकेल?

तिसरा तास संपल्यावर वर्ग रिकामा झाला तरी चिठ्ठीवाला मुलगा रेंगाळत होता. दप्तराचा पट्टा नीट करतोय असं दाखवत म्हणाला, "बाई, तो फ्रोलो आधी चांगला होता ना?"

होता. टाकून दिलेल्या, कुरूप म्हणून कोणी हात न लावलेल्या क्वासिमोडोला त्यानेच घरी आणून वाढवलं होतं. आईवडील गेल्यावर धाकट्या भावाचा सांभाळही त्यानेच केला होता. मी त्याला तसंच सांगितलं. "चांगला होता. चांगल्या माणसाकडूनही असं होऊ शकतं, म्हणून तर आपण ही गोष्ट वाचली. पण त्याला थांबता आलं असतं, रे. प्रत्येक वेळी आलं असतं."

त्याने मान हलवली आणि गेला. तो बदलला असं मी म्हणणार नाही, तीन तासांत कोणी बदलत नसतं. पण त्या दिवशी पहिल्यांदा त्याने प्रश्न विचारला. आणि ती मुलगी आता दहावीत आहे, तिची शाळा सुटली नाही.

वर्गासाठी प्रश्न

१. 'बेल' या गाण्यात चौथं कडवं एस्मेराल्डाचं असतं तर ती काय म्हणाली असती? आठ ओळीत लिहा.
२. फीबस न्यायालयात का बोलला नाही? त्याच्या जागी तुम्ही असता तर तुम्हाला कशाची भीती वाटली असती?
३. तुमच्या पाहण्यातल्या एखाद्या सिनेमात नायिका 'नाही' म्हणते आणि नायक मागे लागतो. तोच प्रसंग नायिकेच्या बाजूने लिहा.
४. कादंबरी, १८३६ चा ऑपेरा, १९९६ चा सिनेमा आणि १९९८ चं नाटक यांच्या शेवटांची तुलना करा. तुम्हाला कोणता शेवट पटतो आणि का?

पहिला प्रश्न जरूर घ्या. आमच्या वर्गातल्या चाळीस वह्यांपैकी बहुतेकांत एस्मेराल्डाची पहिली ओळ एकच निघाली, थोड्याफार फरकाने : मला माझं नाचू द्या.